नसलेल्या पानाची नोंद

मुलगी दारात येऊन उभी राहिली तेव्हा भाऊजींच्या चिमट्यात चष्म्याचा इवलासा स्क्रू होता, आणि तो नेमका त्याच क्षणी निसटला. असा स्क्रू फरशीवर पडला की गेलाच म्हणायचा. त्यामुळे अशिलाचं स्वागत भाऊजींनी टेबलाखालून, गुडघ्यांवर बसूनच केलं.

"आत ये," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, ते महत्त्वाच्या तपासात आहेत. आधी पाणी पी, मग बोल."

भाऊजींनी चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं होतं. चौकशीची ही कचेरी त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ गेला आणि कचेरी वहिनींकडे आली. खरं सांगायचं तर भाऊ होता तेव्हाही डोकं वहिनींचंच होतं, दारावरची पाटी तेवढी भावाची. दुकान विकल्यापासून भाऊजी त्यांच्या मदतीला येत. मदत म्हणजे चहा करायचा, बरोबर हिंडायचं आणि जे सगळ्यांना दिसतं तेच मोठ्यानं बोलून दाखवायचं. वहिनींना त्याचा उपयोग होतो, असं त्या तरी म्हणत.

मुलगी तिशीची असेल. पाण्याचा पेला तिनं दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही.

"मंगळवारी सकाळी माझे बाबा पाण्याच्या टाकीत सापडले," ती म्हणाली. "जीव दिला असं सगळे म्हणतात. पोलीसही तेच म्हणतात. मला एवढंच सांगा, तो त्यांनी माझ्यामुळे दिला का?"

टेबलाखाली भाऊजींचं शोधणं थांबलं.

तिचे वडील पीक संशोधन केंद्रात नोकरीला होते. काम एकच, पण ते त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. कोबीवर करपा नावाचा रोग पडतो. बुरशीचा रोग. पानांवर काळसर, गोल गोल ठिपके उठतात आणि वाढत जातात. कुठल्या वाणावर तो किती पडला, हे पान बघून ठरवायचं. शून्य म्हणजे निर्मळ रोप. मग एक, तीन, पाच, सात. आणि नऊ म्हणजे अर्ध्याहून जास्त पानं खाऊन टाकलेलं रोप. बाबांची नजर इतकी पक्की, की केंद्रात त्यांना सगळे 'काटा' म्हणत. वजनाचा काटा असतो ना, तसा.

"साठ वाफे, वाफ्यात दहा रोपं," ती म्हणाली. "पंधरा वाण, प्रत्येकाचे चार वाफे, इकडेतिकडे विखुरलेले. कुठल्या वाफ्यात कुठला वाण, ते मोजणाऱ्याला सांगत नाहीत. ती यादी प्रमुखबाईंच्या कपाटात बंद लखोट्यात असते. सोमवारी बाबांनी चाळीस वाफे केले. यंदा त्यांच्या जोडीला यंत्र आहे, वरून फोटो काढून रोग मोजणारं. मी तिथंच नोंदी सांभाळते, संध्याकाळी मी दोन्हींचे आकडे ताडून पाहिले. सगळे जुळले, तीन वाफे सोडून. सात, तेवीस आणि अडतीस. तिथं यंत्र म्हणतं एक, आणि बाबांनी झाडून सगळ्या रोपांना नऊ दिले होते."

"तू जाऊन पाहिलंस?"

"पाहिलं. पानं स्वच्छ होती, बाई. मी घरी आले आणि म्हटलं..." तिनं पेला टेबलावर ठेवला. "म्हटलं, बाबा, तुमची नजर गेली आता. हसं व्हायच्या आत थांबा."

"ते काय म्हणाले?"

"ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, उद्या दाखवतो तुला. पहाटे मला जाग यायच्या आत निघून गेले. टाकीच्या कठड्यावर त्यांचा नोंदीचा तक्ता होता आणि त्याच्यावर घडी केलेला चष्मा."

तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं. पोलिसांनी परत दिलेल्या वस्तू होत्या. पेन्सिल, रुमाल, चाकू, चष्मा आणि कसलासा वाळका, बोटाएवढा तुकडा.

चष्म्यावर भाऊजींनी सवयीनं झडप घातली. खिडकीशी नेऊन भिंग डोळ्यापासून लांब धरलं, जवळ धरलं. "लांबचा नंबर आहे, आणि चांगला दणदणीत. जवळचं बघायला हा माणूस चष्मा काढतच असणार."

"हो. पान बघताना काढूनच ठेवायचे," मुलगी म्हणाली.

"मग जवळचं त्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा चांगलं दिसत असेल. अशा लोकांची जवळची नजर म्हातारपणीही टिकते. माझ्या दुकानात एक सोनार यायचा..."

"सोनार राहू दे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी वाळका तुकडा उचलला होता. "हे काय?"

"कोबीच्या बुंध्याचा तुकडा. त्यांच्या खिशात होता. इन्स्पेक्टर म्हणाले, कोबीवाल्याच्या खिशात कोबी नाही तर काय सापडणार."

तुकडा दोन्हीकडून चाकूनं सरळ कापलेला होता. त्याच्या अंगावर एक खोलगट वण होता आणि वणाखाली सालीची एक पट्टी सोललेली. वहिनींनी तो बराच वेळ बोटांत फिरवला.

"तुला मोजायला कुणी शिकवलं?"

"बाबांनीच. पहिला धडा एकच होता त्यांचा. जे पान झाडावर नाही, तेही मोजायचं. करप्यानं पान पार खाल्लं की ते गळतं, आणि मग झाड उलट स्वच्छ दिसतं. वरून बघणारा फसतो."

"उद्या आम्ही येतो," वहिनी म्हणाल्या. "तू कोरे तक्ते आणि पेन्सिल घेऊन ये. मी सांगेन तिथं मोजायचं. का ते विचारायचं नाही."

स्क्रू भाऊजींना शेवटपर्यंत सापडला नाही.

---

रविवारी केंद्रात शुकशुकाट होता. आकाश भरून आलेलं, हवा कोंदट, आणि सगळीकडे उकडलेल्या कोबीसारखा एक वास भरून राहिलेला. फाटकापाशीच ती टाकी होती, कमरेएवढ्या कठड्याची. पाणी काळं आणि स्थिर होतं. मुलीनं तिकडे पाहिलं नाही. भाऊजींनी पाहिलं आणि पाहायला नको होतं असं त्यांना वाटलं.

प्रमुखबाई कामावर होत्या. दारात दोन्ही बाजूंना शोभेच्या कोबीच्या कुंड्या, जांभळ्या पांढऱ्या पानांच्या. बाई शिस्तीच्या होत्या आणि त्यांना रडायची सवय नव्हती. त्यामुळे डोळे लाल दिसताहेत याचा त्यांना रागच आला असावा.

"हा त्यांचा शेवटचा हंगाम, हे मी ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगितलंही होतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. यंत्र आलं, माणसं जातात."

"लखोटा?" वहिनींनी विचारलं.

"कपाटात. सील जसंच्या तसं आहे."

"मंगळवारनंतर शेतात कोण गेलं?"

"कुणी नाही. सकाळी आठला पाणीवाल्यानं आरडाओरडा केला, साडेआठला पोलीस आले आणि त्यांनी शेताच्या फाटकाला कुलूप ठोकून सील लावलं. मलाही सोडत नाहीत."

"आणि आदल्या रविवारी? मोजणीच्या आदल्या दिवशी?"

"सुट्टी होती. किल्ल्या चौघांकडे असतात. मी, काटा, यंत्रवाला आणि पैदासकार."

मुलीनं दारातल्या कुंड्या मोजल्या. बारा कुंड्या, बारा शून्यं. प्रमुखबाईंनी भुवया उंचावल्या.

यंत्रवाल्याच्या प्रयोगशाळेत मोहरीच्या रोपांचे ट्रे मांडले होते आणि वर छताला कॅमेरा टांगलेला. यंत्रवाला पंचविशी उलटलेला, दाढी वाढलेला. मुलीला बघताच उभा राहिला आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

"या रोपांवर करपा दिसतोय," वहिनी म्हणाल्या.

"मीच पाडलाय. बुरशीचं पाणी करून फवारतो आणि यंत्राची परीक्षा घेतो. सोमवारी संध्याकाळी ते अख्ख्या शेतावरून फिरलं. सहाशेच्या सहाशे रोपं मोजली त्यानं, एकही सुटलं नाही."

"आणि काट्याचे आकडे?"

"चुकले ते." मग तो खाली बघून बोलला, "मला नाही आवडलं ते. माझं यंत्र शिकलंय कुणाकडून? त्यांच्याच जुन्या नोंदी भरवल्यात मी त्याला. दहा वर्षांच्या."

"मग शिष्य चुकला की गुरू?"

मुलगी ट्रेवर वाकली होती. तिचा तक्ता भरत गेला. पाच, पाच, पाच, सात, पाच, पाच. अख्ख्या टेबलावर एकसारखे.

बाहेर पडल्यावर भाऊजी कुजबुजले, "मला हाच गडी वाटतो. म्हातारा खोटा ठरला की याचं यंत्र खरं ठरतं. सरळ आहे!"

"सरळ आहे खरं," वहिनी म्हणाल्या. तुमच्या डोक्यापेक्षा माझी छत्री बरी, असं म्हणायचं असलं की त्या असाच सूर लावत.

पैदासकार त्याच्या काचघराच्या पायरीवर बसला होता. नवे वाण घडवणं हा त्याचा धंदा. एका कोबीवर त्यानं अठरा वर्षं घालवली होती. करपा लागणार नाही असा कोबी, आणि या मोजणीत तो तावूनसुलाखून निघणार होता. मुलीला पाहताच तो उठला आणि त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं. ती त्याला काका म्हणत होती आणि तिथं ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. भाऊजींनी तोंड फिरवलं. त्यांनाही भरून आलं होतं.

"तीस वर्षांची दोस्ती आमची," पैदासकार म्हणाला. "मंगळवारी मी झोपेत होतो. पाणीवाला ओरडला तेव्हा उठून धावत आलो. त्यानंतर शेताकडे माझं पाऊल वळलेलं नाही. बघवतच नाही मला."

"तुमचा वाण शेतात कुठं आहे?"

"ते लखोट्याला माहीत."

"बरोबर. सहाशे रोपांत कसा ओळखायचा," वहिनी सहज बोलून गेल्या.

"पाचशे नव्याण्णव," तो म्हणाला, आणि रुमालानं डोळे पुसले.

भाऊजींना मनातून बरं वाटलं. म्हणजे यंत्र एका रोपानं चुकलं होतं तर! ही माणसंही काय नमुना असतात. घरात मरण झालेलं असो, आकडा चुकला की दुरुस्त केल्याशिवाय राहायची नाहीत.

"काचघरातली रोपं मोजू दे तिला," वहिनी म्हणाल्या. "हात कामात असला की बरं असतं."

तो घुटमळला. "तिथं काही नाही बघण्यासारखं. बियाण्याची मूळ रोपं आहेत नुसती."

"काका, करू दे मला," मुलगी म्हणाली. तिला नाही म्हणणं त्याला जमलं नाही, त्यानं कुलूप काढलं.

काचघर लांब, अरुंद. दाराशी शेताकडे उघडणारी खिडकी आणि पार पलीकडच्या टोकाला शेगडी, थंडीत ऊब ठेवण्यासाठी. मधे एकाच ओळीत चाळीस कुंड्या. मुलगी दारापासून निघाली. पहिल्या कुंड्यांना शून्य. मग एक. मग पुन्हा एक. अर्ध्यावर ती थबकली.

"काका, इथं करपा? इथं तर तुम्ही चपला बाहेर काढायला लावता!"

"वाऱ्यानं आला असेल शेतातून." तो एका कुंडीतली माती सारखी करत राहिला. "उपटायला हवीत. पण ही एवढीच आहेत गं. दुसरी नाहीत."

तीन. तीन. पाच. सात. शेगडीजवळच्या शेवटच्या कुंड्यांची पानं काळीठिक्कर पडली होती. नऊ, नऊ, नऊ. तिथल्या कोपऱ्यातली फरशी मात्र स्वच्छ धुतलेली होती.

"शेगडी पेटवलेली दिसते," वहिनी म्हणाल्या. "या उकाड्यात?"

"गुरुवारी जुनी पोती जाळली."

वहिनींनी मान डोलावली आणि मुलीच्या हातातून तक्ता घेतला.

---

दुपारी इन्स्पेक्टर आला आणि त्यानं शेताचं सील तोडलं. मंगळवारनंतर पहिल्यांदाच कुणी आत जात होतं. माणूस सज्जन होता, फक्त एकदा लिहिलेला कागद बदलायचा त्याला मनस्वी कंटाळा. वहिनी सरळ सातव्या वाफ्यात गेल्या, चिखलात उकिडव्या बसल्या आणि कोबीची वरची पानं त्यांनी बाजूला सारली. भाऊजी शेजारी वाकले. खाली उघडा बुंधा होता आणि त्यावर वण. प्रत्येक वणाखाली साल सोललेली.

"शेजारच्या वाफ्यातला बुंधा बघा," वहिनी म्हणाल्या.

तिथंही दोनचार पानं गळालेली होती. पण ते वण सपाट, कोरडे, भरून आलेले. साल कुठंच सोललेली नव्हती.

तेविसाव्या वाफ्यात भाऊजींनी रोपं मोजली, मग पुन्हा मोजली. नऊ. दहाव्या जागी नुसता खड्डा होता, कडेची माती ढासळलेली. "पाचशे नव्याण्णव!" ते म्हणाले. "बरोबर होतं की पैदासकाराचं!"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

"भाऊजी, तुम्हाला कळलंय का तुम्ही काय बोललात?"

त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी रोपं तिसऱ्यांदा मोजायला घेतली.

---

सगळे प्रमुखबाईंच्या खोलीत बसले. इन्स्पेक्टर दाराशी उभा राहिला. मुलगी पैदासकाराच्या शेजारी बसली होती. तिला तिथून उठवावं असं भाऊजींना फार वाटत होतं.

"काट्याची नजर गेली नव्हती," वहिनींनी सुरुवात केली. "भाऊजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, त्यांना जवळचं उत्तम दिसत होतं. मग ज्या रोपांची पानं स्वच्छ, त्यांना त्यांनी नऊ का दिले? कारण ते पानं बघत नव्हते. नसलेली पानं बघत होते."

त्यांनी वाळका तुकडा टेबलावर ठेवला.

"पान आपणहून गळतं तेव्हा वण कोरडा आणि सपाट असतो. हातानं ओरबाडलं की सालीची पट्टी निघून येते, अशी. सात, तेवीस, अडतीस. या वाफ्यांतली रोगट पानं मोजणीच्या आदल्या दिवशी कुणीतरी तोडून नेली. रोप स्वच्छ दिसलं आणि वरून बघणारं यंत्र फसलं. काटा बसून बघायचा, तो फसला नाही. बावन्नाव्या वाफ्यातही तेच आहे, मी आताच पाहून आले. तिथवर तो पोचला नव्हता. चार वाफे, म्हणजे एकच वाण. कुठला, ते प्रमुखबाई सांगतील."

प्रमुखबाईंनी सील फोडलं. यादीवर बोट फिरवलं. मग त्यांनी पैदासकाराकडे पाहिलं आणि यादी टेबलावर पालथी ठेवली.

"लखोटा बंद असताना हे वाफे कुणाला ओळखता आले असते? अठरा वर्षं ज्यानं ते रोप वाढवलं त्यालाच. त्याला यादी कशाला हवी?"

"माझा वाण म्हणजे मीच तोडली असं होत नाही," पैदासकार शांतपणे म्हणाला.

"नाही होत. म्हणून मी विचारलं, तोडलेली पानं गेली कुठं? चाळीस रोपांची खालची पानं, चांगली दोन पोती भरतील. आणि त्या पानांतली बुरशी जिवंत. ओलसर, उबदार जागी ती शेजारच्या रोपांवर जाते, चार-पाच दिवसांत ठिपके दिसायला लागतात. तुमच्या तिघांच्याही दाराशी कोबीच्याच घराण्यातली रोपं आहेत, मोहरीसुद्धा त्यातलीच. म्हणून मी तिला मोजायला लावलं."

वहिनींनी तीन तक्ते ओळीनं मांडले.

"प्रमुखबाईंकडे सगळी शून्यं. यंत्रवाल्याकडे सगळीकडे पाच. तो फवारतो, म्हणून सारखे. आणि काचघरात शून्य, एक, तीन, पाच, सात, नऊ. रोग वाऱ्यानं आला असता तर शेताकडच्या खिडकीशी नऊ असते. तिथं शून्य आहे. नऊ आहेत ते शेगडीच्या कोपऱ्यात. पोती तिथं होती. रविवारी ठेवली, सोमवारी जाळायची असतील, पण ओली पानं जळत नाहीत. मंगळवारी पोलीस आले, मग धूर करता येईना. गुरुवारपर्यंत ती तिथंच सडली."

मुलगी आपल्याच हातचे आकडे वाचत होती. वाचता वाचता ती खुर्चीसकट बाजूला सरकली.

"फरशी धुतलीत, पोती जाळलीत," वहिनी म्हणाल्या. "पण ठिपके उठलेल्या कुंड्या तुम्हाला उपटता आल्या नाहीत."

"ही लबाडी झाली," इन्स्पेक्टर म्हणाला. "खून कसा?"

"सोमवारी संध्याकाळी यंत्रानं सहाशे रोपं मोजली. काट्याच्या तक्त्यात तेविसाव्या वाफ्यात दहा आकडे आहेत. मंगळवारी साडेआठला तुम्ही फाटक बंद केलंत, आणि ते आज उघडलंत. आत नऊ रोपं आहेत. म्हणजे दहावं गेलं मंगळवारी पहाटे. काट्यानं ते उपटलं आणि त्याच्या बुंध्याचा एक तुकडा कापून खिशात घातला. आता, रोपं पाचशे नव्याण्णव झाली हे कुणाला ठाऊक असेल? पहाटे तिथं त्याच्याबरोबर जो होता त्यालाच. यांना मी सहाशे म्हटलं आणि यांनी मला दुरुस्त केलं. झोपेत होते, शेताकडे पाऊल वळलं नाही, आणि तरी आकडा बिनचूक."

पैदासकार स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"चुकीचा आकडा ऐकवत नाही," तो शेवटी म्हणाला. "त्याचीच सवय ती. त्यानंच लावली."

"काय झालं?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"तो टाकीपाशी बुंधा धुवत होता. वण नीट दिसावा म्हणून. मी म्हटलं, अठरा वर्षं, एकदाच, एवढ्या वेळी पाच लिही. तो म्हणाला, तू आपणहून सांग, नाहीतर मी सांगतो. मी रोप ओढलं. त्यानं सोडलं नाही. आणि तो कठड्यावरून गेला." त्यानं तळहात गुडघ्यांवर पुसले. "त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं हात वर केला, मला धरता आला असता. मी रोप घेऊन उभा राहिलो. पाणी शांत झाल्यावर तक्ता आणि चष्मा नीट ठेवला. त्याचे नऊ तसेच राहू दिले. वेडा ठरला तर कुणी शोधणार नाही म्हणून."

यंत्रवाला उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. इन्स्पेक्टरनं पैदासकाराच्या दंडाला धरलं. दारात तो वळला, मुलीला काहीतरी म्हणणार होता.

"बोलू नका," ती म्हणाली. तो गेला.

---

पायरीवर ती वहिनींच्या शेजारी बसली. भाऊजी मागे उभे होते.

"म्हणजे जीव नाही दिला त्यांनी."

"नाही."

"मग ते पहाटे का गेले? नुसतं सांगितलं असतं मला, तरी..."

भाऊजींना वाटलं, वहिनी आता काहीतरी गोड बोलतील. बोलाव्यात अशी त्यांची फार इच्छा होती. पण वहिनींचा तो स्वभावच नाही.

"सोमवारीच त्यांनी ओळखलं होतं हे कुणाचं काम. दोस्ताचं नाव घेण्याआधी पुरावा हातात हवा होता. आणि तुला दाखवायचं होतं. तू म्हणाली होतीस ना, नजर गेली. तुझ्या शब्दांनी ते मेले नाहीत, बाळ. पण तुझ्या शब्दांमुळे ते पहाटे गेले. दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं लपवलं तर तुला पुढं कधीतरी कळेलच."

मुलगी ओक्साबोक्शी रडली. वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. भाऊजींना राग आला, वहिनींचा, पैदासकाराचा, त्या काळ्या पाण्याचा. कुणाकुणावर रागवायचं तेही त्यांना कळेना.

पुष्कळ वेळानं ती उठली. प्रमुखबाईंकडून तिनं नवा तक्ता मागून घेतला.

"वीस वाफे राहिलेत," प्रमुखबाई म्हणाल्या. "यंत्राचे आकडे आता..."

"साठही मीच करणार. ताडून पाहायला दुसरी नजर हवीच."

तिला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून लिहायला भाऊजी बसले. ती वाकायची, पानं सारायची, बुंध्यावरून बोट फिरवायची आणि आकडा सांगायची. सातव्या वाफ्यात तिनं दहाही रोपांना नऊ दिले. वडिलांनी दिले होते तेच. भाऊजींनी ते लिहिले.

तेविसाव्या वाफ्याच्या शेवटी ती खड्ड्यापाशी उभी राहिली.

"नऊ रोपं झाली," भाऊजी म्हणाले. "दहावी चौकट रिकामी ठेवू? तिथं काही नाही."

"नाही," ती म्हणाली. "नऊ लिहा."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि दहाव्या चौकटीत नऊ लिहिले.